न फुटलेली लिथी

एका जंगलात, मुलांनो, एक तळं होतं आणि तळ्याकाठी घासलेटाचा एक मोठा रांजण होता. जंगलात घासलेट कुठून आलं, असं विचारू नका. जिथे सिंह भाषणं करतो, तिथे घासलेटही मिळतं.

त्या रांजणात धातूंचं एक घराणं राहत होतं. घराणं मोठं मानी. अंगाने मऊ, सुरीने कापता येतील असे. पण स्वभावाने इतके तापट की पाण्याशी गाठ पडली की भडका. हवासुद्धा त्यांना सोसत नसे. म्हणून सगळे घासलेटात बुडून राहत आणि बुडल्या बुडल्या आपल्या तापटपणाच्या गोष्टी सांगत.

घराण्यात एक रीत होती. पोर वयात आलं की त्याने तळ्यात उडी मारायची. मग धडाका व्हायचा, ज्वाळा उठायची, काठावरच्या बेडकांची पळापळ व्हायची. पोर अर्थातच उरायचं नाही. नाव उरायचं. रांजणातले वडीलधारे माना हलवून म्हणायचे, "रक्तच तसं आहे आपलं."

या वडीलधाऱ्यांनी स्वतः कधी उडी मारली होती का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. चांगल्या घरातली मुलं असे प्रश्न विचारत नाहीत. लिथी विचारायची.

लिथी म्हणजे लिथिअम. घराण्यातली सगळ्यांत हलकी मुलगी. इतकी हलकी की घासलेटातही बुडायची नाही. रुबिडिअमआत्या तिला रोज खाली ओढायची आणि ती रोज वर यायची.

"अगं, मुलीच्या जातीने जरा खाली राहावं. सारखं काय ते डोकं वर?"

"मी काही करत नाही, आत्या. घासलेटच मला वर ढकलतं."

डोकं वर राहिल्यामुळे लिथीला हवा लागायची. त्या हवेत नायट्रोजन नावाचे एक गृहस्थ होते. हवेतली बहुतेक जागा त्यांनीच अडवलेली, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. घराण्यातल्या कुणाशी ते कधी शब्दही बोलले नव्हते. लिथीशी मात्र त्यांचं चांगलं जमलं. त्या ओळखीत तिची चंदेरी कांती काळवंडत गेली.

"आपल्यात कुणी बोलतं का नायट्रोजनशी?" आत्या म्हणाली. "हे सगळे त्या मॅग्नेशिअमचे गुण."

मॅग्नेशिअमकाका दुसऱ्या घराण्यातले. त्यांचं घर समोर नाही, शेजारी नाही, तिरकं पलीकडे. त्यांचंही नायट्रोजनशी जमायचं. शिवाय ते पाण्याला बघून पेटायचे नाहीत. पोरगी आपल्या घराण्यासारखी नसून तिरक्या घरातल्या माणसासारखी का, यावर रांजणात बरीच कुजबुज व्हायची. तिच्या आईला विचारता आलं असतं. पण लिथी पदरात असतानाच आईची पाळी आली आणि तिने उडी मारून केव्हाच नाव केलं होतं.

मागच्या वर्षी सोडिअमदादाची पाळी आली होती. लिथीला त्याचा फार लळा. पाण्यावर पडताच दादा वितळला, त्याची गोळी झाली, ती सुसाट इकडून तिकडे धावली, पिवळीधमक ज्वाळा उठली आणि संपलं. रांजणात टाळ्या झाल्या.

लिथीने काठावरच्या बेडकिणीला विचारलं, "दादाचं काही उरलंय का गं?"

बेडकीण म्हणाली, "पाणी जरा बुळबुळीत झालंय. साबण लावल्यासारखं."

यंदा पाळी लिथीची होती.

"मी उडी मारणार नाही," ती म्हणाली.

रांजणाच्या अगदी तळाशी सीझिअमआजोबा बसलेले असत. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत तापट. कडक उन्हाळ्यात ते वितळून पातळ होत, म्हणून घराण्यातले कठोर निर्णय नेहमी हिवाळ्यात व्हायचे. हा हिवाळा होता.

"नको मारूस," आजोबा म्हणाले. "धाकटी मारेल तुझ्याऐवजी."

धाकटी म्हणजे पोटॅशिअम. अजून अजाण. आपली ज्वाळा जांभळी होणार, याचंच तिला कौतुक.

"आजोबा, तुम्ही कधी मारली होतीत?"

"आमच्या वेळी तळं नव्हतं."

"मग ही रीत कुणी घातली?"

"आम्हीच. तुमच्या भल्यासाठी."

धाकटीला वाचवायचं तर दुसरा मार्ग नव्हता. लिथीने उडी मारली.

सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. काही ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा उघडले. लिथी पाण्यावर तरंगत होती. तिच्याभोवती बुडबुडे येत होते. नुसती फसफस. बेडूक जागचे हलले नाहीत. एकाने जांभई दिली. थोड्या वेळाने वाऱ्याने लिथीला काठाला लावलं. ती जरा झिजली होती, पण शाबूत होती.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं," लिथी म्हणाली. "दादाने पाण्याला जे दिलं, तेच मीही दिलं. फक्त घाई केली नाही."

रांजणात बैठक बसली. निकाल लगेच लागला. जी परत आली तिने उडी मारलीच नाही. मुलगी आपली नव्हे. तिने रांजणात येऊ नये. आणि पुढच्या हिवाळ्यात धाकटीने उडी मारून घराण्याचा डाग धुवावा.

लिथी मॅग्नेशिअमकाकांकडे गेली.

"राहा बाई," काका म्हणाले. "पण लोक बोलतील."

"ते आधीपासूनच बोलतायत, काका. आता निदान त्यांना काहीतरी आधार मिळेल."

जंगलात काजव्यांचा उजेड थोडेच दिवस असे. बाकी वर्षभर मिट्ट काळोख. मुंगूसबाई जंगलातली सुईण. तिचं सगळं काम अंदाजाने चालायचं. लिथीने तिला दिवा करून दिला. त्याचं असं होतं. घराण्यातल्या प्रत्येकाच्या बाहेरच्या खोलीत एकच इलेक्ट्रॉन असे, आणि तो कधी एकदा देऊन टाकतो असं प्रत्येकाला होई. लिथीही द्यायची. पण काम झालं की परत मागून घ्यायची. या जाण्यायेण्यावर दिवा लागायचा. एकदा दिलेलं परत मागावं, हा कंजूषपणा त्या दिलदार घराण्यात कुणाला सुचलाच नव्हता.

हळूहळू प्रत्येक बिळात दिवा आला. सिंहाच्या गुहेतही आला. सिंह म्हणाला, "कुणाची मुलगी ही?"

हे रांजणापर्यंत पोचलं, आणि लिथी पुन्हा घराण्याची झाली.

लिथीला बोलावून आत्या स्वतः निरोप सांगायला रांजणाच्या तोंडाशी आली. "हिवाळ्यात तुझा सत्कार ठेवलाय हं, बाळा. सिंहमहाराज येणार आहेत. त्याच कार्यक्रमात धाकटीची उडी. तू तिला चार शब्द सांगायचेस. तुझं ऐकते ती."

लिथीने विचार केला. नाही म्हटलं तर धाकटी तिच्यावाचून उडी मारेल.

"येते मी," ती म्हणाली. "पण शाल आजोबांनी रांजणाबाहेर येऊन, स्वतःच्या हाताने घालायची. ते झाल्यावर उडी. आधी नाही."

आजोबा आयुष्यात रांजणाबाहेर आले नव्हते. ते काही येणार नाहीत, शाल राहील, म्हणजे उडीही राहील, असा तिचा हिशेब होता. लिथीने आजोबांचा भित्रेपणा बरोबर ओळखला होता. हौस ओळखली नव्हती.

सत्काराच्या दिवशी तळ्याकाठी सगळं जंगल जमलं. समोर सिंह. मागे माकडं. आजोबांनी रांजणातून डोकावून गर्दी बघितली आणि त्यांच्या अंगात काहीतरी संचारलं.

"आजोबा, बाहेर येऊ नका," लिथी म्हणाली. "मी मुद्दाम अट घातली होती. हवा दमट आहे. ऐका माझं."

"तू मला शिकवणार?" आजोबा म्हणाले आणि शाल घेऊन बाहेर आले.

दोन पावलंसुद्धा झाली नाहीत. निळसर ज्वाळा उठली, शाल पेटली, नारळ गडगडत तळ्यात गेला. कार्यक्रमाचाच भाग समजून माकडांनी टाळ्या वाजवल्या.

सगळं शांत झाल्यावर धाकटीने विचारलं, "आता मी मारू का उडी?"

लिथीने रुबिडिअमआत्याकडे पाहिलं. आजोबांच्या मागे आता आत्याच सगळ्यांत वडील होती. पुढच्या शालीचा मान तिचा.

आत्या सरसर तळाशी गेली. तिथून तिचा आवाज आला, "उडीबिडी काही नको गं. जुन्या गोष्टी त्या. पोरीला शिकू दे आधी."

धाकटी शिकली. रीत बंद झाली. आजोबांनी गुणी नातीच्या कौतुकासाठी देह ठेवला, असं घराण्यात सांगतात. लिथीचे सत्कार मात्र दर हिवाळ्यात होतात. शाल लांब बांबूला अडकवून रांजणातूनच घालतात, आणि भाषणं संपेपर्यंत तिला बसून राहावं लागतं.

तात्पर्य: शहाण्या मुलांनी वेळच्या वेळी फुटून मोकळं व्हावं. जी फुटत नाहीत, त्यांचं वडीलधाऱ्यांना फार कौतुक असतं.