अकरा गेटपास

मुलुंडच्या लालजी गास्केट कंपनीत हात असलेल्या खुर्च्या एकूण चार होत्या. एक शेठची, दोन मॅनेजरांच्या आणि चौथी अजून कोणाची नव्हती. ती स्टोअरमध्ये प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली होती. टाइम ऑफिसचे हेडक्लार्क श्यामकांत परुळेकर रोज कसल्यातरी निमित्ताने स्टोअरमध्ये जात आणि तिच्याकडे बघून येत. एकवीस वर्षं ते बिनहाताच्या खुर्चीवर बसत होते. दुपारी डबा खाल्ल्यावर डुलकी लागली की ते उजवीकडे कलंडत आणि शेजारच्या कपाटावर आपटून जागे होत. कपाटाला त्या जागी पोचा पडला होता.

या खुर्चीचा संबंध फुटबॉलशी आला तो असा. उपनगरांतल्या कारखान्यांची एक फुटबॉल लीग होती. लीग व्यावसायिक होती, म्हणजे खेळाडूंना पगार मिळे. फक्त तो फुटबॉलसाठी मिळतो असं कुठे लिहायचं नाही, एवढंच पथ्य होतं. त्यामुळे लालजी गास्केटचे अकरा खेळाडू मस्टरवर डिस्पॅच क्लार्क होते. ते सकाळी सही करत आणि कारखान्यामागच्या मैदानावर जात. डिस्पॅचचं टेबल कुठल्या मजल्यावर आहे हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. परुळेकर त्यांचे स्पोर्ट्स सेक्रेटरी. चौऱ्याऐंशी साली संघ फायनलला पोहोचला, तेव्हा शेठ म्हणाले, "परुळेकर, कप आणा आणि खुर्ची न्या."

त्याच संध्याकाळी परुळेकरांच्या पत्नी सुलक्षणावहिनींनी खुर्चीच्या दोन हातांसाठी क्रोशाचे दोन रुमाल विणायला घेतले. एकावर मोर होता, दुसऱ्यावरही मोरच होता. फक्त दुसरा जरा बदकाकडे झुकला होता.

फायनलच्या आठ दिवस आधी लीगच्या कचेरीतून पत्र आलं. भांडुपच्या वज्र केबल्सने, म्हणजे फायनलमधल्या समोरच्या संघाने, तक्रार केली होती की लालजी गास्केटचे खेळाडू हे खरे कामगार नाहीतच. वज्र केबल्सचा सेंटर फॉरवर्ड स्वतः तीन वर्षं तिथे माळी होता आणि त्यांच्या कंपनीत झाड नव्हतं, पण ते जाऊ दे. सामन्यापूर्वी केव्हाही इन्स्पेक्टर येऊन खेळाडू जागेवर काम करताहेत की नाही ते बघेल, असं पत्रात म्हटलं होतं.

परुळेकर एकवीस वर्षं टाइम ऑफिसात होते. कागदाला कागदानेच उत्तर द्यायचं हे ते जाणून होते. त्यांनी लीगला खेळाडूंची यादी पाठवली ती अख्ख्या मस्टरची, एकशे त्रेचाळीस नावांची. त्यातले अकरा कोण ते इन्स्पेक्टरने शोधत बसावं. वर त्यांनी अकराही जणांना हुकूम दिला: शनिवारी सामना साडेतीनला आहे, तोवर डिस्पॅचमध्ये बसायचं आणि काम करताना दिसायचं. दोन वाजता मी स्वतः येऊन प्रत्येकाच्या हातात सही केलेला गेटपास देईन. बाहेर मेटॅडोर उभी असेल. चेंबूरच्या मैदानावर तीनला पोहोचाल.

मग शुक्रवारी ते गेटवर गेले. गेटवर धाकू होता, देवगडकडचा, नोकरीला चौदा वर्षं झालेली. परुळेकरांनी त्याला समजावलं की या अकरा जणांना माझ्या सहीच्या पासाशिवाय सोडायचं नाही. वज्र केबल्सवाले वाटेल ते करतील. माझ्या नावाने फोन येईल, अगदी माझा आवाज काढतील.

"तुमचो आवाज काढतले?" धाकूला हे नवीन होतं.

"काढतील. विश्वास ठेवायचा नाही. सही बघायची."

"सही बघल्याशिवाय कोणाक सोडूचंय नाय," धाकू म्हणाला, आणि त्याने ते तिथल्या तिथे दोनदा पाठ केलं.

शनिवारी सकाळी परुळेकरांनी अकरा पास लिहिले, अकरा सह्या केल्या आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवले. एक वाजता शेठनी अर्धी सुट्टी जाहीर केली. सगळ्या कारखान्याने मॅच बघायला जायचं. तीन बसगाड्या आल्या. ढोलताशा चढला, कॅन्टीनचे वडे चढले, संघाच्या जर्सी आणि बुटांची ट्रंकही चढली. टेलिफोन ऑपरेटर बोर्डावरची लाइन गेटच्या केबिनला जोडून बसमध्ये जाऊन बसली. परुळेकर डिस्पॅचकडे निघाले होते. तेवढ्यात शेठची फियाट त्यांच्याजवळ थांबली.

"बसा परुळेकर. आज तुम्ही आपल्याबरोबर."

एकवीस वर्षांत शेठच्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. गाडीच्या सीटला मध्ये हात टेकायला एक गादी होती. ती खाली ओढता येत असे. परुळेकरांनी ती ओढली, त्यावर कोपर टेकवलं, आणि त्यानंतर घाटकोपर येईपर्यंत त्यांच्या डोक्यात दुसरा कुठलाही विचार आला नाही. घाटकोपर गेल्यावरही आला नाही.

मैदानावर लालजी गास्केटचे एकशे तीस लोक घोषणा देत होते. सव्वातीनला शेठनी पोरं कुठे आहेत म्हणून विचारलं. परुळेकर म्हणाले, निघालीत, पोहोचतीलच. ऊन होतं. घाम पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला कागद लागले.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याचं काय झालं हे शेठनी पाहिलं नाही, कारण ते वडा खात होते. परुळेकर "पाणी पिऊन येतो" म्हणाले आणि समोरच्या हॉटेलातल्या फोनकडे धावले. सगळा कारखाना मॅच बघायला आला होता. मागे फक्त संघ राहिला होता.

फोन धाकूनेच उचलला.

"धाकू, मी परुळेकर. पोरांना सोड. ताबडतोब."

धाकू कौतुकाने म्हणाला, "आवाज बरो काढलास हा."

"अरे, मीच बोलतोय. मी श्यामकांत परुळेकर. परुळ्याचो."

"परुळ्याचे पन्नास आसत."

"धाकू, माझी नोकरी जाईल रे."

"तुमी खरे सायेब आसात, तर काल माका काय सांगितलास ता सांगा."

परुळेकरांना हायसं वाटलं. "सांगतो. सहीच्या पासाशिवाय कोणाला सोडायचं नाही."

"बरोबर," धाकू म्हणाला. "म्हणजे तुमीच. मगे नाय सोडनय."

परुळेकरांनी निदान महादूला फोन द्यायला सांगितलं. महादू वैती हा संघाचा कप्तान आणि गोलकीपर, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला. दोन मिनिटांनी तो धापा टाकत आला.

"साहेब, टेन्शन घेऊ नका. आम्ही जागेवरच आहोत. अजून इन्स्पेक्टर आला नाय."

"अरे मरू दे तो इन्स्पेक्टर, भिंतीवरून उड्या मारा."

"भिंतीवर काचा लावल्यात, साहेब. मागच्या साली तुम्हीच लावून घेतल्या." मग महादूने आवाज खाली आणला. "आणि खरं सांगू का, हा धाकू म्हणतो की फोनवर तुम्ही असलात तरी सही दिसत नाय. ठेवतो. हात कामात आहेत."

परुळेकर मैदानावर परतले तेव्हा रेफरी घड्याळ बघत होता. पंधरा मिनिटांत संघ उतरला नाही तर कप वज्र केबल्सला, असं त्याने सांगितलं. लीगच्या सेक्रेटरीने यादी उघडली, चष्मा पुसला आणि मान डोलवली. "तुमची यादी एकशे त्रेचाळीस जणांची आहे. यातले कोणतेही अकरा चालतील. उतरवा."

परुळेकरांनी स्वतःच्या कारखान्याकडे नजर फिरवली. कारखाना वडे खात होता.

पहिला पकडला तो कॅन्टीनचा राजाराम. त्याला गोलमध्ये उभा केला, कारण तो उभा राहिला की गोल थोडा कमी दिसत असे. मग डिस्पॅचचे दोन कारकून, पॅकिंगचे चार, अकाउंट्सचा नंदकिशोर आणि स्टोअरचे दोघे. नंदकिशोरने चष्मा काढायचा की ठेवायचा असं विचारलं. कसंही चालेल, असं त्याला सांगण्यात आलं. अकरावा कोणी मिळेना, तेव्हा शेठनी परुळेकरांकडे पाहिलं. परुळेकरांनी बूट घातले. बूट महादूचे होते. पावलाच्या पुढे बोटभर जागा उरली, त्यात त्यांनी खिशातला रुमाल कोंबला.

सामन्याविषयी फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या दहा मिनिटांत तीन गोल झाले. त्यानंतर वज्र केबल्सच्या माळ्याने गोल मारायचे थांबवले, कारण राजाराम प्रत्येक गोलनंतर त्याला हात जोडत होता. दुसऱ्या हाफमध्ये दोन कारकुनांनी चेंडू कोणी घ्यायचा यावर मैदानाच्या मध्यावर वाद घातला. ते तुझं काम, माझ्याकडे तसा कागद आलेला नाही, असं दोघंही म्हणत होते, आणि तोवर चेंडू गोलमध्ये गेला. लालजी गास्केटचाही एक गोल झाला. समोरचा बॅक हसता हसता खाली बसला आणि चेंडू त्याच्या पाठीला लागून आत गेला. ढोलताशा वीस मिनिटं वाजत होता. शेवटी स्कोअर नऊ-एक असा लागला.

परतीच्या वाटेवर परुळेकर शेठच्या गाडीत मागेच बसले होते, पण मधली गादी त्यांनी खाली ओढली नाही.

सहा वाजता गाडी गेटवर आली. धाकूने सलाम केला आणि परुळेकरांकडे हात पुढे केला. परुळेकरांनी अकरा पास त्याच्या हातावर ठेवले. त्याने एकेक सही उजेडाकडे धरून तपासली. "आता सोडतंय," तो म्हणाला.

डिस्पॅचमध्ये दिवे लागले होते. शेठ दारातच थांबले. कुवेतची ऑर्डर दोन महिने अडकली होती. पॅकिंगवाले म्हणत लेबल आलं नाही, डिस्पॅचवाले म्हणत खोकं आलं नाही. ती अख्खी ऑर्डर पॅक होऊन, लेबलं लागून भिंतीशी ओळीत उभी होती. माळ्यावरचा राइट विंगर खोकी खाली टाकत होता, महादू ती हवेत झेलत होता आणि न बघता डावीकडे देत होता. एकही खोकं जमिनीला लागत नव्हतं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" शेठनी विचारलं.

महादूने शेवटचं खोकं झेललं. "कोणी नाय, शेठ. इन्स्पेक्टर येणार होता ना. रिकामे बसलो असतो तर त्याला कळलं असतं आम्ही खेळाडू आहोत ते." मग त्याने जरा काळजीने विचारलं, "मॅच पुढे ढकलली काय?"

शेठनी भिंतीशी जाऊन खोकी मोजली. मग त्यांनी परुळेकरांच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं.

सोमवारी फळ्यावर नोटीस लागली. शनिवारी कारखान्यात हजर असलेले अकराही जण त्यांच्या मूळ जागी, म्हणजे डिस्पॅचमध्ये, कायम. टाइम ऑफिसचं टेबल महादू वैतीकडे. शनिवारी मैदानावर हजर असलेल्या दहा जणांनी उद्यापासून रोज सकाळी सहा ते संध्याकाळी पाच मागच्या मैदानावर सराव करावा. त्यांचे स्पोर्ट्स ऑफिसर, आणि अकरावे खेळाडू, श्यामकांत परुळेकर. ऑफिसर असल्याने त्यांना हात असलेली खुर्ची मंजूर.

खुर्ची मैदानाच्या कडेला ठेवण्यात आली. सुलक्षणावहिनींचे दोन्ही रुमाल परुळेकरांनी त्यावर स्वतः घातले, मोर उजवीकडे आणि दुसरा डावीकडे. दहाच्या सुमाराला त्यांना डुलकी लागली आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा ते कुठेही कलंडले नाहीत.

जाग आली ती उन्हाने. छत्री टाइम ऑफिसात राहिली होती. ते गेटवर गेले. धाकूने अदबीने सलाम ठोकला आणि आडवा बांबू होता तसाच ठेवला.

"अरे, छत्री आणायचीय फक्त."

"मैदानावरच्या माणसाक आत सोडूक पास लागता, सायेब."

"कोणाच्या सहीचा?"

धाकूने गेटलगतच्या टाइम ऑफिसच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे बिनहाताच्या खुर्चीवर महादू वैती ताठ बसला होता. त्याने परुळेकरांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, पासाचं पुस्तक पुढे ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं,

"छत्री तुमचीच आहे, याचा काही कागद?"