मोटर कोण बंद करतं

"चोर सापडलाय, आणि आज तो माझ्या हातून सुटत नाही," असं लेकीनं जाहीर केलं, तेव्हा आई मोटरचं बटण दाबून चहाचं आधण ठेवत होती.

बाबा गेल्यापासून घराची राखण आपल्याकडे आली, असं लेकीनं मनाशी पक्कं केलं होतं. कुलपं बदलून झाली, गॅसची नळी बदलून झाली. आज वायफायची पाळी होती. घरच्या वायफायला काय काय जोडलंय ते तिनं फोनवर तपासलं: दोघींचे फोन, टीव्ही, आणि वर एक 'अनोळखी उपकरण'.

"खालचे काका. आपल्या जिवावर फुकट सिनेमे बघतात."

"भल्या माणसावर आळ घेऊ नकोस. आपली मोटर रोज तेच बंद करतात."

"ते कशाला करतील?"

"मग कोण करतं? इथून ती नुसती चालू होते, बंद गच्चीवरूनच. आधी तुझे बाबा वर जाऊन करायचे, आणि खाली आले की दमल्याचं तोंड करून दुसरा कप मागायचे. ते गेल्यावर मी साफ विसरले, तरी टाकी भरल्यावर मोटर बंद. म्हटलं, काकाच असणार. तेव्हापासून दुसरा कप त्यांना पाठवते."

"बघच आता," म्हणत लेकीनं उपकरण ब्लॉक केलं आणि चोराचा पडलेला चेहरा पाहायला थेट खाली गेली. काका अंगणात कपडे वाळत घालत होते.

"काय काका, फोनवरचा सिनेमा अडकला का मध्येच?"

काकांनी खिशातून बटणांचा फोन काढला. "फोनवर सिनेमे दिसतात?"

उत्तर द्यायच्या आत गच्चीवरून पाणी कोसळलं. दोरीवरचे कपडे, काका आणि तपास अधिकारी एकदमच भिजले.

"काका, मोटर बंद करा ना!"

"मला काय ठाऊक तुमची मोटर कुठे असते?"

ती धावत गच्चीवर गेली. टाकीमागच्या पेटीत, बाबांच्या पद्धतीनं गरजेपेक्षा चौपट टेप गुंडाळलेला, वायफायवर चालणारा एक छोटा स्विच होता. टाकी भरली की मोटर बंद करणारा. शेजारी घडीची खुर्ची, आणि खुर्चीवर वाचायचा चष्मा. तिनं हातानं मोटर बंद केली आणि चष्मा खाली आणला.

"म्हणजे गच्चीवर नुसते पेपर वाचत बसायचे?" आई म्हणाली. "आणि वर दमायचे?" ती हसत सुटली. बऱ्याच दिवसांनी. मग ओट्याकडे वळून उगाच फडका फिरवत राहिली.

लेकीनं उपकरण पुन्हा जोडलं. फोननं नाव विचारलं. तिनं लिहिलं, 'बाबा'.

तेवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून काका दारात आले. हातात कालचा रिकामा कप.

"वहिनी, मोटर काही मी बंद करत नाही. चहा कशाबद्दल येतो ते विचारलं नाही कधी. विचारलं तर बंद व्हायचा."

"आधण दोघांचंच ठेवलं जातं माझ्याकडून," आई म्हणाली. "द्या तो कप."

काका टेकले. एक घोट घेऊन लेकीकडे वळले.

"भाचीनं नवा फोन दिलाय, खोक्यातच पडून आहे. त्यावर सिनेमे दिसतात म्हणालीस ना? मग तुमचा तो पासवर्ड काय आहे?"

लेकीनं मुकाट्यानं सांगून टाकला.