पॅराग्वे व्हाया सनद

मी पॅराग्वेला जायचं ठरवलं ते एका लामामुळे. (लामा म्हणजे भिक्खू नव्हे. मान उंच करून माणसाकडे तुच्छतेने बघणारं केसाळ जनावर. थेट माझ्या थोरल्या जावेसारखं.)

आमच्या बहरीनच्या बौद्ध मंडळातल्या ज्योत्स्नाताई गेल्या वर्षी टूर कंपनीबरोबर पेरूला जाऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी फेसबुकवर फोटो टाकला. ताई हसताहेत, शेजारी लामाचं तोंड, त्याच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे. एक कान मुडपलेला. "अँडीजच्या थंडीने हो," ताई सगळ्यांना सांगत होत्या. त्या फोटोला एकशे बेचाळीस अंगठे आले. माझ्या वाढदिवसाच्या फोटोला नऊ आले होते, त्यातले तीन घरचे.

पुढे वर्षभर प्रत्येक शुक्रवारच्या सभेत पेरू. चहा घेताना पेरू, चपला घालताना पेरू. शेवटी एका शुक्रवारी मी उठून उभी राहिले.

"झेंडा धरलेल्या गाइडच्या मागे मेंढरंही जातात," मी म्हणाले. "मी पॅराग्वेला जाणार. एकटी. जिथे एकही पर्यटक फिरकत नाही अशा चाको भागात."

"राधामावशी, या वयात?" ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"वय पासपोर्टवर असतं, अंगात नाही." (हे वाक्य लक्षात ठेवा. पासपोर्टवर आणखीही काही काही असतं.)

मला कुणी कमी समजू नये. शाळा मी आतून पाहिलेली नाही. अक्षरं शिकले तिसाव्या वर्षी, पोराच्या पाटीवर. इंग्रजी शिकले ती इथे बहरीनच्या सनद वस्तीत, कोल्ड स्टोअर म्हणतात त्या किराणा दुकानातल्या डब्यांवरची लेबलं वाचून. तशीच चार महिन्यांत मी पॅराग्वे शिकले. त्याला समुद्र नाही, नद्या कोणत्या, बस कुठून सुटते, चाकोत काटेरी झुडपं किती. तिथल्या गुआरानी भाषेत 'कसं काय' विचारायला 'म्बाएइचापा' म्हणतात, तेही पाठ केलं. माझा लेक धम्मदीप म्हणाला, "माय, एकदा कागदपत्रं मला पाहू दे."

"मला वाचता येते," मी म्हणाले. विषय संपला.

जाण्याच्या दिवशी मंडळाची तेवीस माणसं विमानतळावर आली. शाल, फुलं, 'जय भीम'चा गजर. ज्योत्स्नाताईंनी स्वतःच्या हाताने पुष्पगुच्छ दिला आणि दाराशी उभं राहून मला आत घालवलं. काय तो क्षण!

पुढचा क्षण काउंटरवर आला.

"मॅडम, पासपोर्ट पाँच महीने में एक्सपायर हो रहा है," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "छह महीने चाहिए."

"एक महीना मैं जल्दी वापस आती हूँ," मी म्हणाले. तिला ते पटलं नाही.

अख्खा पॅराग्वे वाचला आणि स्वतःच्या पासपोर्टची एक ओळ वाचायची राहिली! तासभर मी एका खांबाआड बसले. मग धम्मदीपला फोन केला.

"माय, जाऊ दे ना. लोकांना खरं सांगून टाकू," तो गाडीत म्हणाला.

"शाल पांघरली रे त्यांनी मला! आता कोणत्या तोंडानं सांगू? वीस दिवस मी पॅराग्वेतच आहे. खलास."

सून रश्मीने पडदे ओढले. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाताईंचा मेसेज आला. 'मावशी, फोटो?'

तेव्हा मी नात शिवांगीला हाताशी धरलं. आमच्या गल्लीमागे एक मोकळा प्लॉट आहे. काटेरी झुडपं, धूळ, टायरांचा ढीग. जुफैरच्या उंच इमारतींत राहणारं आमचं मंडळ तिकडे कधी फिरकलेलं नाही. टोपी घालून, काळा चष्मा लावून मी झुडपांत उभी राहिले.

"आजी, धिस इज लाइंग," शिवांगी म्हणाली.

"धिस इज जिऑग्राफी," मी म्हणाले. "टायर कट कर."

तेवढ्यात शेजारची अकीला कुंपणापाशी आली. तिच्याकडे शहजादी नावाची उंच मानेची, केसाळ पांढरी शेळी आहे.

"अम्मा, आप तो परदेस गई थीं?"

"गई हूँ," मी म्हणाले. "तुझे दिख रही हूँ, वह तेरा भरम है."

अकीला शहाणी बाई. तिने सरळ शेळीच आणून दिली. मग उरलेले दिवस मी रोज शहजादीला पोळी घालायची, 'म्बाएइचापा' विचारायची आणि तिच्याबरोबर फोटो काढायची. खाली लिहायची, 'चाकोची रानशेळी. माणसाला सहसा जवळ येऊ देत नाही.' (फोटोत ती माझा पदर खात होती.)

एकविसाव्या दिवशी मी 'परतले'. शुक्रवारी सभेत माझं व्याख्यान ठेवलेलं. आधी रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मला जोरात ठसका लागला. त्याच वेळी शेजारी ज्योत्स्नाताईंनाही लागला. मला वाटलं, मत्सर घशाशी आला असेल.

व्याख्यान जोरात झालं. पडद्यावर शहजादी दोन पुरुष उंचीची दिसत होती. टाळ्या पडल्या. मी खाली बसले, तशा ज्योत्स्नाताई कानाशी वाकल्या.

"मावशी, शहजादी वाळली हो जरा."

मी पदर सावरला. "कोण शहजादी?"

"अकीला माझ्या ऑफिसात असते." त्या आणखी वाकल्या. "मी पेरूला गेले होते हो, खरंच गेले होते. पण त्या उंचीवर पोचले आणि जी आडवी झाले, ती सहा दिवस. लामाची शेपटीसुद्धा दिसली नाही. परत आल्यावर लोकांना काय दाखवणार? गोंडे मी बाब अल बहरीनच्या बाजारातून आणले."

मी पडद्याकडे पाहिलं. मुडपलेला डावा कान.

म्हणजे वर्षभर मी जिच्यावर जळले, जिच्यापायी पॅराग्वेच्या नद्या पाठ केल्या, तिलाच रोज हाताने पोळी भरवली!

"कुणाला सांगू नका हं," ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

मी कशाला सांगते? सांगायचं तर शेळी मला कुठे भेटली तेही सांगावं लागेल. आम्ही दोघींनी गुपचूप चहा घेतला.

घरी आल्यावर फोन उघडला. माझ्या रानशेळीला अडतीस अंगठे होते. ताईंच्या लामाला एकशे बेचाळीस.

आणि जनावर तर एकच होतं.