हान्सिग्नेच्या दारातले बूट

"बेटाच्या आतला बर्फ मला पाठ आहे!" असं योकुम गुरुजी ग्रीनलँडमधल्या इलुलिसाट गावच्या शाळेत एकतीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले होते. फळ्यावर ते ग्रीनलँड काढत आणि त्याच्या डोक्यावर छानशी पांढरी टोपी चढवत.

यंदा मात्र शाळेच्या पहिल्याच दिवशी, मण्यांची नवी गळपट्टी घातलेल्या नीवीनं हात वर केला. "गुरुजी, तुम्ही वरून पाहिलाय?"

"आज दुपारी पाहणार! आणि उद्या जसाच्या तसा फळ्यावर काढून दाखवणार!"

खरंच! जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांना बर्फावरच्या विमानफेरीचं तिकीट भेट दिलं होतं. धुक्यानं ती तीनदा रद्द झालेली. आजची फेरी मोसमातली शेवटची!

दुपारी पुन्हा धुकं. "निवळलं की फोन करतो," विमानतळावरून निरोप आला. मग गुरुजी नीवीच्या आजीकडे, हान्सिग्नेकडे, कॉफीला गेले. गावची रीतच तशी, मूल पहिल्यांदा शाळेत गेलं की अर्ध्या गावानं यायचं, दारात बूट काढायचे, केक हाणायचे आणि पुढच्यांना जागा करून द्यायची! हान्सिग्नेच्या दारात तर चाळीस जोड किनाऱ्यावरच्या सीलांसारखे एकमेकांवर पहुडले होते.

पाचवा केक तोंडात असतानाच फोन वाजला. धुकं निवळलं!

"मालिक, चल!" गुरुजी ओरडले. मालिक त्यांचा जुना विद्यार्थी आणि आजचा वैमानिक.

"व्हा पुढं गुरुजी, एवढी कॉफी संपवतो!"

गुरुजींनी बुटांत पाय खुपसले आणि धूम ठोकली. विमानतळावर काउंटरवरच्या बाईला म्हणाले, "पाय कसे हलके पडतायत बघ! माणूस आनंदानं तरुण होतो तो असा!"

अर्ध्या तासानं मालिक आला. पायात नुसते पट्ट्यापट्ट्यांचे मोजे!

"गुरुजी, माझे बूट कुणीतरी नेले!"

"अरे, मग दुसऱ्या कुणाचे घालायचे!"

"म्हणजे तो बिचारा अडकणार! आणि मोज्यांनी विमानाच्या पेडलवरून पाय घसरतो. तसं मी कुणाला वर नेणार नाही."

गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं. उपसागरावर धुक्याची शेपटी पुन्हा वळवळू लागली होती. एकतीस वर्षं काढलेली टोपी एकदा वरून पाहायची संधी डोळ्यांसमोरून उडून चालली! त्यांनी तडक गावच्या रेडिओला फोन लावला. दोन मिनिटांत काउंटरवरचा रेडिओ बोलू लागला, "योकुम गुरुजी कळवतात, की ज्यानं वैमानिकाचे बूट नेले, त्याला बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या शेवटच्या कुत्र्याइतकीही अक्कल नाही! बूट ताबडतोब आणून द्यावेत!" निवेदकानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा तर फारच चवीनं!

दहा मिनिटं गेली. कुणी फिरकलं नाही. धुकं मात्र जवळ आलं.

"बस झालं!" गुरुजी खुर्चीत बसले आणि त्यांनी आपले बूट उपसले. "हे घाल! विद्यार्थ्यासाठी गुरू पायातलेही काढून देतो!"

मालिकला भरून आलं. त्यानं पाय घातला. "अरे वा! अगदी मापात!"

"बसणारच! गुरू कुणाचा?"

मालिक नाडी बांधायला वाकला आणि तसाच थांबला. बुटाच्या जिभेला लाल लोकरीचा धागा होता.

"गुरुजी... हा धागा माझ्या आईनं बांधलाय. बूट चुकू नयेत म्हणून."

काउंटरवरची बाई एकाएकी कागद चाळू लागली.

"तरीच पाय हलके पडत होते," गुरुजी पुटपुटले.

"मी कुणाला सांगणार नाही. चला लवकर!"

आणि विमान उडालं! गुरुजी मोज्यांनिशी खिडकीला नाक लावून बसले. खाडीतले हिमनग मागे पडले, काळे कडे संपले, आणि मग नुसता बर्फ! त्यात निळीशार तळी, जुन्या कपावरच्यासारख्या बारीक भेगा, आणि पलीकडे... पलीकडे काही नाहीच! बर्फ जाऊन सरळ आभाळाला भिडलेला!

"मालिक! अरे, मी इतकी वर्षं टोपी काढत होतो! टोपीला कड असते रे! याला कडच नाही!" लहान मुलासारखे ते टाळ्या पिटत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी बायकोच्या सपाता घालून वर्गात आले. त्यांनी आख्खा फळा पांढरा केला. खडू फळ्यावरून भिंतीवर गेला, भिंतीवरून दारापर्यंत! मुलं खडूमागोमाग माना वळवत राहिली.

तेवढ्यात नीवी पिशवी घेऊन पुढं आली. "गुरुजी, हे आजीनं दिलेत. सगळे गेल्यावर आमच्या दारात एवढेच उरले."

पिशवीत गुरुजींचे जुने बूट होते.

"आणि गुरुजी, काल रेडिओवर सांगितला ना, कुत्र्याइतकीही अक्कल नसलेला माणूस? तो सापडला का हो?"

"सापडला," गुरुजी म्हणाले आणि खाली बसून बूट घालू लागले. आज ते चांगलेच जड लागत होते.