टॅग ज्याचा, काढणार तोच

"आपल्या घरात ब्रेकडाऊन होत नाई, कावून का ब्रेकडाऊनच्या आधीच आपण मेंटेनन्स करतो!" हे वाक्य शालिकरामजी टेंभरे यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षे ऐकवले आणि निवृत्तीनंतर तिथल्याच रिसाली भागातल्या घरात ते सून दामिनीला ऐकवू लागले. दहा महिन्यांची नात भूमिका हीसुद्धा त्यांच्या शेड्यूलमध्ये होती. तिच्या लसींच्या तारखांचा तक्ता त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी टांगला होता.

त्यामागे कारण होते. त्यांचा पुतण्या धनंजय दीड वर्षाचा असताना त्याच्या मेंदूच्या आवरणाला जंतूंमुळे सूज आली. पाच दिवसांनी ताप गेला. जाताना दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हा ही सूज रोखणारी लस गावापर्यंत पोचलीच नव्हती. आता ती अंगणवाडीत फुकट मिळते. तरीही मूल लसीवाचून राहिले, तर दोष जंतूंचा नव्हे, मेंटेनन्सवाल्याचा, असे त्यांचे ठाम मत होते.

आणि मागच्या महिन्यात नेमके भूमिकाचेच राहिले! तिचे नाक वाहत होते, म्हणून आजोबांनी त्याच लसीचा बूस्टर डोस पुढे ढकलला. साध्या सर्दीत लस चालते, हे नर्सने नंतर सांगितले. तेव्हापासून दामिनी तापलेल्या भट्टीसारखी होती.

"मामाजी, आज चुकलं तं मी तुमचं काई ऐकणार नाई."

"आज कसं चुकते? मी नऊलेच जाऊन पाहणी करतो. तू साडेदहाले पोरीले घेऊन ये!"

अंगणवाडीत नर्स सत्यशीला लसींची शीतपेटी घेऊन बसली होती. शालिकरामजींनी चष्मा पुसून कुपीवरची, उष्णतेने लस बिघडली का ते सांगणारी खूण तपासली. "वर्तुळापेक्षा आतला चौकोन फिक्का. पास!"

"वाचली बिचारी," सत्यशीला म्हणाली आणि पदराने वारा घेऊ लागली.

शालिकरामजींनी वर पाहिले. पंखा बंद! "सिस्टर, लेकरं घामानं हैराण होतीन. दहा मिनिटांचं काम हाय!"

आता, विजेच्या कामाचा कारखान्याचा एक नियम आहे. मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा. टॅग ज्याचा, काढणार तोच. दुसऱ्याने बोट लावले तर थेट चार्जशीट! शालिकरामजींच्या खिशात असे टॅग अजूनही असत. मेन स्विच बाहेर, दाराच्या चौकटीला लागून होता. त्यावर त्यांनी टॅग अडकवला: 'खतरा! काम चालू है. हाथ मत लगाओ. शा. टेंभरे.' शिडी दारामागे लावायची म्हणून दार लोटले. शिडीवर लक्ष विचलित नको म्हणून मोबाईलही बंद केला. सगळे नियमानुसार!

बाहेर पहिले आले चिंतामणीजी, निवृत्त क्रेन ऑपरेटर, फेरफटका मारून परतताना. त्यांनी टॅग वाचला आणि हात पसरून दारापुढे उभे राहिले. मागून आलेल्या आयांना त्यांनी एकेक करून परत पाठवले. साडेदहाला दामिनी आली.

"काका, आत जाऊ द्या नं!"

"टॅग पाय नं बाई. तुह्याच सासऱ्याचा हाय!"

"मंग काढा तो!"

"मी? माणूस मारतं का माह्या हातून? सारी नोकरी झाली, दुसऱ्याच्या टॅगले नख लावलं नाई! अन् हाका बी मारू नोको, वर चढला असन, दचकून पडन!"

दामिनीने सासऱ्यांना फोन लावला. बंद! ती तडक निघून गेली. इकडे गल्लीच्या तोंडाशी बातमी पोचली की अंगणवाडीत करंट आला आहे. किराणा दुकानापर्यंत तो शीतपेटीत शिरला होता आणि टाकीपाशी पोचेतो सुईतून वाहू लागला होता!

आत पंख्याचा कंडेन्सर बदलून झाला, मग बेअरिंग निघाले. सत्यशीला म्हणाली, "काका, आज कुणीच कसं आलं नाही?"

"लोकाईले वेळेचं भान नाई, सिस्टर!"

साडेअकराला पंखा गरगरला. शालिकरामजींनी ऐटीत दार उघडले. पायरीवर चिंतामणीजी एकटेच!

"तुहा टॅग राखून राहिलो बापा! चौदा लेकरं वापस पाठवली, तुही नात धरून!"

शालिकरामजींनी घड्याळ पाहिले. एक वाजता पेटी दुसऱ्या वस्तीत जाणार होती. त्यांनी टॅगवर 'काम समाप्त' लिहून सही केली, स्कूटरला किक मारली आणि तेरा दारांत तो टॅग दाखवत फिरले. आया आल्या, पण दारापाशीच थबकल्या.

"पहिले तुमच्या नातीले टोचा," एकजण म्हणाली. "तिले काई झालं नाई तं मंग आमच्या लेकराईले!"

शालिकरामजी घरी धावले. "दामिनी, चाल लवकर! डोस!"

"झाला. पुढच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात. अकरा वाजून दहा मिनिटांनी."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि लगेच दुसरा विचार आला. "मंग... आणखी एक घेता येत नाई का?"

"मामाजी!"

शेवटी दामिनीच भूमिकाला घेऊन अंगणवाडीत गेली. नव्या शिक्क्याचे कार्ड तिने उंच धरले आणि बाळाच्या मांडीवरचा लाल ठिपका साऱ्यांना दाखवला. "घ्या, पायून घ्या! लागला का करंट माह्या पोरीले?" भूमिकाने उत्तरादाखल चिंतामणीजींची मिशी ओढली. रांग हलली! सत्यशीला पाऊण तास जास्त थांबली, आणि तेरा लेकरांनी पाळीपाळीने रिसाली दणाणून सोडली.

संध्याकाळी शालिकरामजी भेटेल त्याला सांगत होते, "चौदापैकी चौदा! शंभर टक्के काम!"

आकडा बिनचूक होता. फक्त, त्या चौदांत बाराच्या आत लस मिळालेले लेकरू एकच होते, आणि तेही आजोबा शिडीवर असल्यामुळे, एवढा तपशील त्यांनी गाळला.