धोतराच्या मागचं कासव

मुलांनो, आधीच माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. तेवढं सांभाळून घ्या.

तर एका जंगलात एक मुंगूस होतं. त्याने विज्ञानाचा सिनेमा काढला, तेव्हापासून सगळे त्याला मुंगूसदादा म्हणू लागले.

दादांकडे पैसे नव्हते. म्हणून काळात मागे नेणारं यंत्र म्हणजे एक रिकामं वारूळ. नटही एकच, कासव. ते वारुळात शिरायचं आणि कालच्या दिवसात बाहेर पडायचं. तिथे कालचं कासव असायचंच. म्हणजे झाली दोन.

खेळ सुरू होण्याआधी दादा सांगायचे, "उजव्या पायाला दोरा ते आपलं कासव. डाव्या पायाला दोरा ते कालचं. विसरू नका."

दोन सागांच्या मध्ये पांढरं धोतर ताणलं, तोच पडदा. राजाचा हुकूम होता की मांस खाणाऱ्यांनी धोतराच्या पुढे बसावं, गवत खाणाऱ्यांनी मागे. धोतराखालून कोणी इकडचं तिकडे गेलं, तर राजा जबाबदार नाही.

सिनेमा संपला. एक कासव घरी पोरांकडे गेलं. दुसरं वारुळात कायमचं अडकलं. पुढचे टाळ्या वाजवत उठले. मागचे रडत उठले.

भुरा नावाच्या सशाला तर घास गिळवेना.

"आपलं कासव अडकलं आणि ते लांडगे हसतात कसे, काकू?"

"त्यांना मन नसतं रे," हरिणकाकू म्हणाल्या. "तू गवत खा."

"पण मला मधलं काही कळलंच नाही."

"मला तरी कुठे कळलं? पण मी रडले की नाही? झालं तर मग."

भुऱ्याचं समाधान होईना. ते कासव सुटलं की अडकलं, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला तो सरळ धोतराखालून पलीकडे गेला. जागा मिळाली ती नेमकी लांडगेमामांच्या शेजारी.

"काय रे, वाट चुकलास?"

"नाही मामा. सिनेमा कळला नाही. इथून बघू का?"

मामांनी त्याच्या मानेवर पंजा ठेवला. विचार जेवणाचाच होता. पण त्यांना आजवर कोणी कशाचा अर्थ विचारला नव्हता.

"बस," ते म्हणाले. "आधी समजावतो. बाकीचं नंतर."

मग मामा जे बोलत सुटले, ते थांबेनात. भुरा मात्र पडद्याकडे बघत होता. काल ज्या कासवाचा दोरा उजवीकडे होता, त्याचा आज डावीकडे दिसत होता. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. धोतराच्या मागून उजवं ते डावं दिसतं. आपलं कासव अडकलंच नव्हतं. ते घरी पोचलं होतं. सगळं गवत खाणारं जंगल भलत्याच कासवासाठी रडलं होतं.

भुऱ्याला इतका आनंद झाला की तो बोलणारच होता.

"कळला ना आता?" मामांनी ओठांवरून जीभ फिरवली. मानेवरचा पंजा जरा जड झाला.

भुऱ्याने कान पाडले.

"नाही, मामा. वारुळापर्यंत कळला. पुढे सगळा गोंधळच."

"अगदीच बावळट आहेस," मामा खुशीत म्हणाले आणि त्यांनी पंजा उचलला. "असले सिनेमे एकदोनदा बघून कळत नसतात. उद्या परत ये. आला नाहीस, तर मीच येईन तुझ्या बिळाशी समजवायला."

सकाळ होताच भुरा मुंगूसदादांच्या दारात उभा राहिला.

"दादा, पुढचा सिनेमा लवकर काढा. आणि याच्यापेक्षा अवघड काढा. दोनाच्या जागी पाच कासवं घ्या."

दादांचे डोळे भरून आले. असा एक तरी रसिक भेटावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

तात्पर्य : अवघड सिनेमा पुन्हा पुन्हा पाहावा, म्हणजे कळतो. कळला तर मात्र तसं सांगू नये. समजावणाऱ्याचं बोलणं संपलं की त्याला भूक लागते.