पट्टीखालचं शून्य

चेलो. छातीशी धरलेला, बाळासारखा.

लॅपटॉपच्या पडद्यावरची काळी पट्टी.

सात टॅक्सी, एकच स्टेशन.

मावशी गप्प! (हे कुणालाच पटत नाही.)

आता नीट सांगतो. माझ्या मावशीच्या टॅक्सी कंपनीतले वायरलेस संच इतके म्हातारे की नवा लॅपटॉप जोडला तर बावचळतात. तो भरभर बोलतो, यांना झेपत नाही! त्यांच्यात चॅनेल भरायला, म्हणजे कुठल्या लहरीवर नि किती वेळ बोलायचं ते ठरवून द्यायला, त्यांच्याच वयाचा, विटेएवढा जाड लॅपटॉप लागतो. तो अख्ख्या गावात फक्त माझ्याकडे! पडद्यावर एक मेलेली काळी पट्टी आहे, पण चालतो!

"आज नाट्यगृहाचे वादक वेळेवर पोचवले तर वर्षभराचं काम आपलं," मावशी म्हणाली. "घोळ घालू नकोस."

"मावशी, डोळे मिटून करतो!"

जवळपास तसंच केलं. कुणाचं बटण दाबलेलंच राहिलं तर सगळ्यांची लाईन अडू नये, म्हणून ठरावीक सेकंदांनी संच 'टूँ' करून आवाज तोडतो. मला साठ हवे होते. पडद्यावर ६ दिसत होता. शून्य काळ्या पट्टीखाली असणारच!

नव्हतं.

सहा सेकंदांत मावशीचं घसा खाकरणंसुद्धा उरकत नाही.

"ऐका रे सगळे! स्टेशनवर वादक उतरलेत, बारा जण, तर त्यांच्यासाठी—"

टूँ!

सातही टॅक्सी स्टेशनकडे! दाताच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात जायला फाटकाशी ताटकळत राहिल्या.

"अरे शहाण्यांनो, माझं बोलणं संपायच्या आत निघायचं नाही, हे किती वेळा—"

टूँ!

"मावशी, यांना सोडायचं कुठे, मुक्कामाला की नाट्यगृहात?" थोरल्या ड्रायव्हरनं विचारलं.

"सांगते. आधी सांग, चेलोवाल्या काकांना पुढे बसवलंस ना? मागे त्यांचे गुडघे—"

टूँ!

माणसाएवढं व्हायोलिन दिसावं तसा तो चेलो छातीशी धरून काका पुढे बसले. पत्ता कुणालाच कळला नाही. वादकांनी वैतागून डिकीवरच ताल धरला, तर हमाल नाचायला लागले! इकडे ऑफिसात मी टेबलामागे लहान लहान होत चाललो होतो. तेवढ्यात नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन. "बाई, पडदा उघडायची वेळ झाली!"

मावशी टोमॅटोसारखी लाल झाली. माइकच्या नरडीला धरून किंचाळली,

"नाट्यगृह! पळा!"

तिच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण! सात टॅक्सी हॉर्न वाजवत, एका रांगेत, नाट्यगृहाच्या पायरीशी लागल्या. व्यवस्थापक हरखलेच.

"तीन गाड्या सांगितल्या होत्या, तुम्ही तर मिरवणूक पाठवलीत! काम तुमचंच!"

संध्याकाळी मी साठ-सहाचा घोळ कबूल केला, तर ड्रायव्हरांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"साठबिठ काही करू नकोस, राजा. सहाच राहू दे. तुझ्या पाया पडतो!"

मागे मावशी उभी होती. तोंड उघडलेलं. आणि समोरासमोर बोलताना टूँ होत नाही.

बसवण्याआधी मी गाड्यांचे सात आणि मावशीचा ऑफिसातला, असे आठही संच तपासले होते. प्रत्येकात एवढंच म्हणालो होतो, "हॅलो."